गंडम युनिकॉर्न: सात डिस्क घ्याव्यात की नाही, आणि ओव्हीए नावाच्या मालाचं पुढे काय झालं

‘मोबाईल सूट गंडम युनिकॉर्न’ हे रोबोंच्या युद्धाचं जपानी ॲनिमेशन (ॲनिमे) घ्यायचं असेल तर सात भागांची मूळ ओव्हीए, म्हणजे थेट डिस्कवर विकलेली आवृत्ती, घ्या. २०१६ साली टीव्हीवर आलेली २२ भागांची ‘आरई:००९६’ ही आवृत्ती पहिल्यांदा पाहण्यासाठी वापरू नका. दोन्हींतली चित्रं जवळपास तीच, आवाज तेच, पार्श्वसंगीत तेच. तरीही मूळ आवृत्ती बरीच सरस आहे. ती सरस का, हे सांगायचं तर हा माल कुणाच्या पैशातून बनला आणि कुणाला विकायला बनला, इथून सुरुवात करावी लागते. कारण ओव्हीएच्या बाबतीत पैसा कुठून येतो यावर भागाची लांबी ठरते, आणि लांबीवर गोष्ट कशी सांगायची ते ठरतं.

ओव्हीए म्हणजे टीव्हीवर किंवा थिएटरात न दाखवता थेट कॅसेटवर, पुढे डिस्कवर, विकायला काढलेलं ॲनिमेशन. याची सुरुवात डिसेंबर १९८३ मध्ये ‘डॅलोस’पासून धरतात. स्टुडिओ पिएरोचं काम, दिग्दर्शनात मामोरू ओशिई आणि हिसायुकी तोरिउमी. मुळात टीव्ही मालिका म्हणून डोक्यात असलेली ही गोष्ट कॅसेटकडे वळली, आणि विकताना कथेतला दुसरा भाग आधी बाजारात आला. १९८५चं ‘मेगाझोन २३’सुद्धा आधी टीव्हीसाठीच योजलं होतं. म्हणजे सुरुवातीची ओव्हीए हा बऱ्याचदा टीव्हीवर जागा न मिळालेल्या कामाचा दुसरा रस्ता होता. टीव्हीवर बहुतेक वेळा खेळणी बनवणारी कंपनी पैसे द्यायची. दर आठवड्याला एक नवा रोबो किंवा नवं शस्त्र दिसलं पाहिजे, जाहिराती धरून अर्ध्या तासात सगळं बसलं पाहिजे आणि शाळकरी मुलाला समजलं पाहिजे, या तिच्या अटी. कॅसेटवर त्यातलं काहीच नव्हतं. पैसे थेट घेणाऱ्याच्या खिशातून किंवा भाड्याने कॅसेट देणाऱ्या दुकानातून यायचे.

अडचण होती किमतीची. त्या काळी एका कॅसेटला १०,००० येनच्या आसपास मोजावे लागत, आणि त्यात अर्ध्या ते एक तासाचं काम मिळे. एवढे पैसे मोजणारा माणूस थोडका आणि हट्टी असतो. त्यामुळे ओव्हीएच्या भरभराटीच्या वर्षांत दोन टोकं दिसतात. एकीकडे अतिशय मेहनतीची, हाताने काढलेली यंत्रं, स्फोट, काचा. दुसरीकडे त्या थोडक्या गिऱ्हाइकाला नक्की खपेल म्हणून भरलेली हाणामारी आणि उघडेवाघडेपणा. ‘ओव्हीए म्हणजे दर्जेदार’ असं सरसकट म्हणणाऱ्यांनी त्या काळातल्या कुठल्याही दहा कॅसेटी लागोपाठ पाहाव्यात. चांगलं काम आहेच, पण ते वेचून काढावं लागतं.

हा हिशेब पहिल्यांदा नीट मोडला तो १९८८च्या ‘पॅटलेबर’ने. ‘हेडगियर’ नावाच्या पाच जणांच्या गटाची ही कल्पना. ओशिई त्यात होतेच. साधारण अर्ध्या तासाचा एक भाग, एक कॅसेट, किंमत ४,८०० येन. कॅसेटच्या सुरुवातीला चक्क जाहिरात घातली होती. किंमत निम्म्यावर आणल्यामुळे ती भाड्याच्या दुकानापुरती राहिली नाही, लोकांनी घरी विकत नेली. मूळ योजना सहा भागांची होती, सातवा वाढवला, आणि १९८९ मध्ये चित्रपट आणि टीव्ही मालिका दोन्ही झालं. म्हणजे टीव्हीवर जागा न मिळालेल्याची वाट म्हणून जी गोष्ट सुरू झाली, तीच पाच वर्षांत टीव्हीवर जाण्याची शिडी झाली. पुढे ‘तेंची मुयो’ने (ओव्हीए १९९२, टीव्ही १९९५) हाच रस्ता वापरला.

‘पॅटलेबर’च्याच वर्षी, १९८८ मध्ये, आणखी एक प्रयोग सुरू झाला, आणि आज मागे वळून पाहताना तो मला सर्वांत धाडसी वाटतो. ‘लेजंड ऑफ द गॅलॅक्टिक हीरोज’ ही योशिकी तानाका यांच्या दहा खंडांच्या कादंबरीवरची ओव्हीए, दिग्दर्शक नोबोरू इशिगुरो. १९८८ ते १९९७ या काळात चार टप्प्यांत २६, २८, ३२ आणि २४ असे एकूण ११० भाग झाले. विक्री दुकानातून नव्हे, टपालाने: नाव नोंदवायचं, पैसे भरायचे आणि दर आठवड्याला घरी एक कॅसेट. प्रायोजक नाही, प्रसारणाची वेळ नाही. दोन सेनापतींनी एका खोलीत बसून वीस मिनिटं राज्यघटनेवर वाद घातला तरी चालतं, कारण पैसे भरणाऱ्याला तेच हवं असतं. आज आपण महिन्याची वर्गणी भरून मालिका पाहतो, त्याचं मूळ ज्यांना हवंय त्यांनी इथे पाहावं.

गंडमची पहिली ओव्हीए १९८९ची: ‘००८० वॉर इन द पॉकेट’, सहा भाग, दिग्दर्शक फुमिहिको ताकायामा. १९७९पासून गंडम पाहत मोठ्या झालेल्यांसाठी ती बनली होती. १९९१-९२ मध्ये तेरा भागांची ‘००८३’ आली.

मग नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पाया सरकला. रात्री उशिराच्या वेळेत ॲनिमे दाखवणं सुरू झालं. निर्माते, प्रकाशक, संगीत कंपनी, डिस्क कंपनी अशी मंडळी एकत्र येऊन पैसे घालायची, टीव्ही वाहिनीची ती वेळ विकत घ्यायची, आणि नंतर डिस्क विकून पैसे वसूल करायची. हा ओव्हीएचाच व्यवहार. फरक इतकाच की आता टीव्हीवरचं प्रसारण हीच डिस्कची जाहिरात झाली आणि घेणाऱ्याला माल आधी फुकट पाहता आला. न पाहिलेल्या कॅसेटला १०,००० येन कोण मोजेल? जपानची अर्थव्यवस्थाही नव्वदच्या सुरुवातीला गडगडली होती. ओव्हीएचं मूळ काम टीव्हीने उचललं, आणि ओव्हीएला बाजूची कामं उरली: मालिकेचा एखादा जादा भाग, टीव्हीवर दाखवता न येणारा प्रसंग, किंवा मांगाच्या (जपानी चित्रकथेच्या) खंडासोबत येणारी डिस्क. ‘अटॅक ऑन टायटन’च्या बाराव्या खंडाच्या मर्यादित आवृत्तीसोबत २०१३ मध्ये अशी डिस्क आली. अशा आवृत्त्या आगाऊ नोंदणीवर निघतात. मुदत चुकली की जुन्या मालाच्या बाजारात दुप्पट पैसे मोजून घ्याव्या लागतात.

अशा वातावरणात २०१० मध्ये युनिकॉर्न आली. ही पार्श्वभूमी ठेवली नाही तर ती विचित्र वाटते: आधीच मोडीत निघाल्यासारख्या दिसणाऱ्या प्रकारात, एकेका तासाचे भाग, चार वर्षं लागलेली निर्मिती.

माल असा. निर्मिती सनराइज. दिग्दर्शक काझुहिरो फुरुहाशी, ज्यांनी १९९९ मध्ये ‘रुरोउनी केनशिन’ची चार भागांची ओव्हीए केली होती, म्हणजे या लांबीत गोष्ट कशी बसवायची हे ठाऊक असलेला माणूस. मूळ कादंबरी हारुतोशी फुकुई यांची, दहा खंड. पात्रांचं मूळ रेखाटन योशिकाझू यासुहिको, यंत्रांचं काम हाजिमे कातोकी आणि मंडळींचं, संगीत हिरोयुकी सावानो. पहिला भाग फेब्रुवारी २०१० मध्ये, सातवा मे २०१४ मध्ये. ठरले होते सहा भाग. शेवट मावेना म्हणून सातवा वाढवला आणि तो ९० मिनिटांचा झाला. बाकीचे साधारण तासाभराचे. एकूण सुमारे सात तास.

विकण्याची पद्धत नव्यानेच जमवली होती, आणि या सगळ्यात जास्त शिकण्यासारखं तेच आहे. प्रत्येक भाग आधी काही आठवड्यांसाठी थिएटरात. त्याच थिएटरात, त्याच दिवशी, पटकथेची किंवा चित्रफलकांची पुस्तिका जोडलेली मर्यादित ब्लू-रे विकायला. सोबत पैसे भरून इंटरनेटवर पाहण्याची सोय. तीन-चार आठवड्यांनी सर्वसाधारण ब्लू-रे आणि डीव्हीडी दुकानात. एकाच भागावर चार वेळा पैसे मिळतात आणि चारही वेळी घेणारा माणूस वेगळा असतो. आणि पाचवा हिस्सा: प्रत्येक भागात दिसणाऱ्या यंत्रांचे प्लास्टिकचे जोडसंच, ज्यांना सगळे गनप्ला म्हणतात. खेळणी कंपनी पुन्हा आलीच. पण या वेळी तिने आठवड्याला एक रोबो मागितला नाही. दोन-तीन महिन्यांत जुळवायचा महागडा संच घेणारा मोठा माणूस तिच्या नजरेसमोर होता.

त्याचा पडद्यावरचा परिणाम चौथ्या भागात पाहा. पृथ्वीवरच्या टॉरिंग्टन तळावर हल्ला होतो आणि हल्लेखोर म्हणजे जुन्या युद्धात हरलेल्या झिऑनची उरलीसुरली फौज आहे: दशकं जुनी, गंजकी, कुठून कुठून गोळा केलेली यंत्रं. वाळवंटातून आणि पाण्यातून एकेक वर येतं. कुणी मांगाच्या पानावर, कुणी नुसत्या जोडसंचाच्या खोक्यावर आतापर्यंत दिसलेलं. ॲनिमेशनमध्ये त्यातली कित्येक पहिल्यांदाच हलतात. त्यांच्यासमोर एकटं उडणारं बायर्लंट कस्टम. ते हवेत उभं राहतं, खाली झेपावतं, पायांनी लाथाडतं, पुन्हा वर जातं. हा प्रसंग कादंबरीत या जागी नाही. खास ओव्हीएसाठी रचलेला आहे. संच विकायला केलंय हे उघड आहे, पण ज्या माणसांनी ते काढलं त्यांनी प्रत्येक यंत्राचं वजन वेगळं ठेवलंय. जडशीळ यंत्र वळताना आधी खांदा वळतो, मग कंबर, मग पाय. पाण्यातून आलेल्याच्या अंगावरून पाणी ओघळणं थांबेपर्यंत कॅमेरा हलत नाही. आठवड्याच्या मालिकेत हे शक्य नसतं, कारण तिथे एका भागाला मिळणारी माणसं आणि महिने दोन्ही मोजके.

तासाच्या लांबीचा फायदा पहिल्याच भागात कळतो. सुरुवात शतकापूर्वीच्या एका स्फोटाने, मग थेट अवकाशातली चकमक. चार पंखांचं हिरवं क्षत्रिय (हो, नाव तेच आहे) एका मागोमाग पाठलाग करणाऱ्यांना संपवतं, आणि संगीतही फारसं नाही. मग पाऊण तास जवळजवळ शांत: अवकाशातल्या वसाहतीतला शाळकरी मुलगा बॅनाजर, त्याला भेटलेली ऑड्री, एक बंगला, भिंतीवरचे युनिकॉर्नचे गालिचे. लढाई वसाहतीच्या आत शिरते तेव्हा ते रस्ते, त्या इमारती आपल्याला माहीत झालेल्या असतात. शेवटच्या काही मिनिटांत पांढरं यंत्र जागं होतं: चिलखताचे तुकडे सरकतात, आतला सांगाडा लाल चमकतो, कपाळावरचं एक शिंग दुभंगून गंडमची ओळखीची खूण होते. आणि भाग संपतो. तासभर दाबून धरलेली गोष्ट एका हालचालीत सुटते. केमिस्ट्रीचं गाणं सुरू होतं आणि पडदा उतरतो.

टीव्हीच्या आवृत्तीत हाच तास दोन-अडीच भागांत तुटतो. दर बावीस-तेवीस मिनिटांनी शीर्षकगीत, मध्ये जाहिरातींची खाच, शेवटी पुढच्या भागाची झलक. ‘इन्टू द स्काय’ हे नवं शीर्षकगीत उत्तम आहे, पण पहिल्याच काही मिनिटांत ते सगळी यंत्रं दाखवून मोकळं होतं. जी गोष्ट दाबून धरायची होती ती आधीच सुटलेली असते. रविवारी सकाळी नव्या मुलांना गंडमकडे वळवायला ती आवृत्ती केली आणि त्या कामापुरती ती ठीक आहे. पण ज्या लांबीसाठी एखादं काम मापून शिवलंय त्याच लांबीत ते अंगाला बसतं.

दोषही सांगायला हवेत, कारण सात डिस्क स्वस्त नाहीत. दहा खंडांची कादंबरी सात तासांत कोंबताना सर्वांत जास्त रिधी मार्सेनासवर अन्याय झालाय. तिसऱ्या भागातला समंजस वैमानिक पाचव्या-सहाव्यात एकदम कडवट होतो. कादंबरीत त्याच्या घराण्याचं ओझं सावकाश वाढतं, इथे ते दोन संवादांत उरकलंय. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो नुसता चिडका वाटतो. पाचव्या भागात घटना पुढे सरकतात पण श्वास घ्यायला जागा नाही. सातव्या भागात निओ झिऑंग नावाचं अवाढव्य यंत्र येतं. तेही ओव्हीएसाठीच घातलंय. दिसायला भव्य, पण त्याच्याशी होणारी लढाई अखेर लढाई राहतच नाही, प्रकाश आणि भाषण यांत विरघळते. अखेरच्या वीस मिनिटांत फुल फ्रंटल या खलनायकाचं म्हणणं समजून घ्यायचं तर सबटायटल दोनदा वाचावं लागतं. चौथ्या भागातली लोनी गार्वेची गोष्ट मात्र एका तासात उभी राहते आणि संपते, आणि सातही भागांत तीच सर्वांत जिव्हारी लागते.

पूर्वतयारी लागते, हे विक्रेते सांगत नाहीत. गोष्ट गंडमच्या काल्पनिक कालगणनेतल्या युनिव्हर्सल सेंच्युरी ००९६ या वर्षातली आहे, म्हणजे ‘चार्स काउंटरअटॅक’ या १९८८च्या चित्रपटानंतर तीन वर्षांनी. किमान पहिल्या मालिकेचे तीन संकलित चित्रपट (१९८१-८२) आणि तो १९८८चा चित्रपट पाहिलेले हवेत. मधल्या ‘झेटा’ (५० भाग) आणि ‘डबल झेटा’ (४७ भाग) यांच्याशिवायही कथा कळते, पण मारिदा क्रूझ कोण आहे याचं पूर्ण वजन ‘डबल झेटा’ पाहिल्याशिवाय कळत नाही. वेळ नसेल तर ‘झेटा’ पूर्ण पाहा आणि ‘डबल झेटा’चे शेवटचे पंधराएक भाग.

आता डिस्क. काम पूर्ण डिजिटल, १०८०पी, पडदाभर. चित्र स्वच्छ आहे. स्ट्रीमिंगशी तुलना केली तर फरक दिसतो तो अंधारात: काळ्या अवकाशातून गडद निळ्याकडे जाणाऱ्या छटा आणि सायकोफ्रेमची, म्हणजे यंत्राच्या आतल्या सांगाड्याची, लाल-हिरवी आभा. कमी डेटात दाबलेल्या चित्रात तिथे पट्टे पडतात, कारण जवळजवळच्या छटा एकाच रंगात गोळा केल्या जातात. ब्लू-रेवर चित्रासाठी सेकंदाला ४० मेगाबिटपर्यंत जागा असते आणि इथे एका डिस्कवर एकच तास आहे, म्हणून आभा सलग राहते. सातव्या भागाच्या शेवटासाठी तरी हा फरक पैसे वसूल करणारा आहे. सावानोच्या संगीतात वाद्यवृंद आणि गायन एकदम चढतात तेव्हा टीव्हीचे स्पीकर घुसमटतात. साधी दोन स्पीकरांची जोडी लावा.

टीव्हीवर दोन गोष्टी तपासा. हालचाल गुळगुळीत करण्याची जी सोय असते (प्रत्येक कंपनीचं नाव वेगळं) ती पूर्ण बंद करा. ॲनिमे सेकंदाला २४ चौकटींचं असलं तरी नवं चित्र बहुधा दोन किंवा तीन चौकटींमागे एकदाच येतं. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवू गेला की कडा वितळतात आणि तलवारीच्या मागे भुतं दिसतात. प्लेअरमध्ये २४पी चालू ठेवा, म्हणजे कॅमेरा आडवा फिरताना हिसके बसत नाहीत. याच प्लेअरवर जुन्या ओव्हीए पाहणार असाल तर चित्राचं माप ‘मूळ’ किंवा ‘ऑटो’वर ठेवा. ती ४:३ आहेत, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसणारच. ताणून पाहिलं तर सगळी पात्रं जाडी होतात.

जुन्या ओव्हीएबद्दल एक इशारा इथेच देते. ‘ब्लू-रे’ लिहिलंय म्हणून चित्र सुधारलंच असं नाही. ज्यांची फिल्म शिल्लक आहे ती पुन्हा स्कॅन करून खरोखर नवी दिसतात, फिल्मच्या दाण्यासकट. दाणा दिसणं चांगलं. तो पुसून काढला की चेहरे मेणाचे होतात आणि पेन्सिलीच्या बारीक रेषा त्याच्यासोबत जातात. ज्यांची शेवटची प्रत व्हिडिओ टेपवरच तयार झाली, किंवा दोन हजारच्या आसपास जी कमी रिझोल्यूशनच्या संगणकावर बनली, त्यांची ब्लू-रे म्हणजे फुगवलेलं जुनं चित्र. खरेदीआधी चालत्या प्रसंगातलं एखादं स्थिर चित्र शोधून पाहा: आडव्या दातेरी रेषा दिसल्या तर ती टेपवरून उचललेली आहे.

भारतात मागवताना सर्वांत मोठी अडचण रिजनची, म्हणजे डिस्क कुठल्या देशांतल्या प्लेअरवर चालेल हे ठरवणाऱ्या विभागाची. ब्लू-रेसाठी जपान आणि अमेरिका रिजन ए, युरोप आणि ऑस्ट्रेलिया बी, भारत सी. डीव्हीडीसाठी जपान २, अमेरिका १, भारत ५. अनेक डिस्क सगळीकडे चालतात, पण गृहीत धरू नका. भारतात विकल्या जाणाऱ्या प्लेअरवर किंवा गेमिंग कन्सोलवर रिजन ए-बंद डिस्क घातली की पडद्यावर फक्त सूचना येते. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी मंडळींना हा प्रश्नच नाही, तिथला साधा प्लेअर जपानी ब्लू-रे चालवतो. इथे असणाऱ्यांनी रिजन-मुक्त केलेला प्लेअर घ्यावा किंवा संगणकाला बाहेरून जोडायचा ब्लू-रे ड्राइव्ह. ड्राइव्हमध्ये डीव्हीडीचा रिजन पाचच वेळा बदलता येतो, त्यानंतर शेवटचा कायम होतो. ब्लू-रेचा रिजन मात्र चालवणारं सॉफ्टवेअर पाहतं. जपानहून जुना प्लेअर आणत असाल तर मागचं लेबल वाचा. फक्त १०० व्होल्ट लिहिलं असेल तर तो थेट आपल्या २३० व्होल्टच्या खटक्यात लावला की जळालाच. व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल. ‘१००-२४०’ असेल तर फक्त पिन बदला.

भाषेच्या बाबतीत युनिकॉर्न सोयीची आहे. एकाच सुमारास अनेक देशांत विकायची म्हणून जपानी डिस्कवरही इंग्रजी आवाज आणि इंग्रजी सबटायटल दिले. बाकीच्या जपानी ओव्हीएंवर बहुधा हे नसतं. मेनू जपानीत उघडला तर रिमोटवरच्या आवाज आणि सबटायटलच्या बटणांनी थेट बदला. तरीही मागवण्यापूर्वी विक्रेत्याकडून वेष्टणाच्या मागच्या बाजूचा फोटो मागवा. आवाज, सबटायटल आणि रिजन तिथल्या चौकटीत छापलेले असतात. सात सुट्या डिस्क सात वेळा मागवू नका. प्रत्येक पार्सलवर सीमाशुल्क, कर आणि कुरिअरचा हाताळणी खर्च वेगळा लागतो, आणि तो डिस्कच्या किमतीच्या मानाने बोचतो. एकत्र संच मिळेपर्यंत थांबा. घरी आल्यावर पुस्तिका डिस्कच्या डबीतून काढून वेगळ्या बंद पिशवीत ठेवा. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात डिस्कला काही होत नाही, चकचकीत कागदाची पानं मात्र एकमेकांना चिकटतात.

युनिकॉर्ननंतर गंडमने हा साचा एकदाच पूर्ण वापरला: ‘द ओरिजिन’, सहा भाग, २०१५ ते २०१८, आधी थिएटर, मग डिस्क, आणि २०१९ मध्ये तुकडे करून टीव्हीवर. दरम्यान ‘थंडरबोल्ट’ अठराएक मिनिटांच्या भागांत इंटरनेटवर विकली गेली आणि मग एकत्र जोडून थिएटरात गेली. युनिकॉर्नच्याच पुढची कथा ‘नॅरेटिव्ह’ २०१८ मध्ये चित्रपट म्हणून आली. २०२४ची ‘रिक्वियम फॉर व्हेंजन्स’ सहा भागांची, थेट नेटफ्लिक्सवर. पैसे आता प्लॅटफॉर्म एकरकमी देतो, त्यामुळे लांबी पुन्हा मोकळी झाली आहे. पण एकेका भागासाठी हजारो लोकांनी स्वतः पैसे मोजावेत, ही गरज राहिली नाही. त्या गरजेमुळेच प्रत्येक तासाला स्वतःचा आरंभ आणि शेवट असायचा. सगळे भाग एकाच दिवशी टाकणाऱ्या मालिकांत पाचवा भाग कुठे संपला आणि सहावा कुठे सुरू झाला हे आठवत नाही, याचं कारण हेच.

युनिकॉर्नमधलं यंत्र पूर्ण आकारात पाहायचं असेल तर टोकियोच्या ओदाइबात सप्टेंबर २०१७ मध्ये १९.७ मीटरचा पुतळा उभारला गेला. ठरावीक वेळी त्याचं शिंग दुभंगतं आणि चिलखत सरकतं. जपानला जाणार असाल तर तो अजून उभा आहे याची खात्री करा, पहिला भाग पाहून जा आणि अंधार पडल्यानंतरची वेळ निवडा.

पाहताना एका संध्याकाळी एकच भाग. पहिला आणि चौथा दिवसाउजेडी पाहू नका, दोन्हींत अंधारातले प्रसंग जास्त आहेत. तिसरा आणि चौथा यांच्यात दोन-तीन दिवस जाऊ द्या; तिसऱ्याच्या शेवटी बॅनाजरच्या हातून जे घडतं ते चौथ्यात त्याच्यासोबत वाळवंटातून चालत राहतं, आणि ते पचायला वेळ लागतो. सहावा आणि सातवा मात्र लागोपाठच्या दोन रात्री पाहा, कारण मुळात तो एकच शेवट होता.